'गेले' या शब्दाच्या दुरुस्तीबाबत

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन अधिकारी,
मदत व पुनर्वसन कार्यालय.

विषय: 'गेले' या शब्दाची चुकीची नोंद दुरुस्त करून सहा वर्षांच्या मुलीस तिच्या मावशीच्या स्वाधीन करण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे पत्र, 'पालकांनी परत आल्यावर समक्ष हजर राहावे'.

महोदय,

मी निवृत्त शिक्षक असून दरड कोसळल्यापासून शाळेतील मदत छावणीत मुलांना शिकवतो. जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला. एकच गोष्ट दहा वेळा सांगण्याची मला सवय आहे, म्हणून हा अर्जही शांतपणे लिहीत आहे. तरी मजकुरात कुठे किळस दिसली, तर ती लपवण्याचा प्रयत्न मी केलेला नाही, हे आधीच नमूद करतो.

छावणीत एक मुलगी आहे. एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिचे वडील सायकली दुरुस्त करत. आई त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत शिवणकाम करी. दरड आली तेव्हा दोघे आत होते आणि ही शाळेत. दुकानावर दगडमातीचा असा ढीग बसला, की खोदणाऱ्यांनी हात टेकले आणि आपल्या आदेशाने ते काम बंद झाले.

आपले कारकून नोंदी घ्यायला आले, ते नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहिले. मुलीजवळ शेजारची म्हातारी बसली होती. पालक कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, "गेले हो दोघं." कारकुनांनी विचारले, कुठे? आता या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यावे? तिने हात आभाळाकडे केला आणि म्हणाली, "वर." कारकुनांनी लिहिले: 'पालक वरच्या वस्तीत गेले आहेत.'

महोदय, 'गेले' म्हणजे काय, हे पहिलीतल्या मुलालाही बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते. रुमाल डोळ्यांपर्यंत आला असेल तर गोष्ट वेगळी. तरी चूक कोणाचीही होते. मुलाची झाली की मी पाटी पुसायला सांगतो, आणि मूल पुसते. आपल्या कार्यालयाने चूक पुसली नाही, गिरवली.

मी तोंडी सांगितले, लेखी दिले. त्यावर आपण शिपाई वरच्या वस्तीत पाठवला. त्याने चार घरी चौकशी करून अहवाल दिला: 'येथे आढळले नाहीत. पुढे गेले असावेत.' शिपायाच्या हातून नकळत खरे लिहिले गेले होते, पण ते खरे वाचणारा कार्यालयात कोणी नव्हता. अहवाल वाचून मी हसलो, आणि मग त्या हसण्याचीच मला शिसारी आली.

मुलीची मावशी दूरच्या शहरात शर्टांच्या कॉलरी शिवते. बातमी कळताच मिळेल त्या गाडीने आली. भाचीला घेऊन जाते म्हणाली. तिला सांगण्यात आले, आईवडिलांची लेखी संमती आणा. ती बिचारी म्हणाली, "साहेब, ते असते तर मी कशाला आले असते?" यावर तिला उद्धटपणे न बोलण्याची समज देण्यात आली. शेवटी पत्र आले: पालक परत येईपर्यंत मुलीस शासकीय बालगृहात ठेवावे. छावणी येत्या सोमवारी बंद होत आहे. त्याच दिवशी तिला नेणार आहेत.

गेल्या आठवड्यात पाहणीला आलेल्या मंडळींनी मुलांच्या हातात बिस्किटांचे पुडे दिले, फोटो काढले आणि पुडे गोळा करून शेजारच्या खोलीत नेले, कारण फोटो तिथेही काढायचे होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. मुलांनी दुसऱ्या दिवशी तोच खेळ खेळून हसून घेतले. पण त्याच वेळी आपल्या एका अधिकाऱ्यांनी हातातला कागद पाहून भिंगरीला सर्वांसमोर विचारले, "काय गं, आईबाबा कधी येणार?"

आईबाबा येणार नाहीत, हे मी तिला सांगितले होते. एकदा नाही, तिने विचारले तितक्या वेळा, तिच्याजवळ बसून. ती रडली, चिडली, मला बोचकारले, आणि हळूहळू जेवायला लागली, खेळायला लागली. त्या प्रश्नानंतर ती दप्तर घेऊन फाटकाशी बसते. न हलता. मी जवळ गेलो तर म्हणाली, "गुरुजी, तुमचं चुकलं. साहेबांनी विचारलं ना? म्हणजे येणार आहेत." मावशीबरोबर जायला आता ती तयार नाही. चुकामूक होईल म्हणते.

सबब विनंती, की 'गेले' या शब्दाच्या जागी 'मरण पावले' असे लिहून नोंद दुरुस्त करावी आणि सोमवारपूर्वी मुलगी मावशीच्या स्वाधीन करावी.

दुसरी विनंती कोणत्याही नमुन्यात बसत नाही. तिला खरे पुन्हा सांगावे लागणार आहे. माझ्या सांगण्याचा आता उपयोग नाही, साहेबांचा शब्द मोठा ठरला. म्हणून आपण स्वतः यावे. खुर्ची मागवू नये. तिच्याशेजारी जमिनीवर बसावे आणि 'गेले' हा शब्द न वापरता सांगावे. तिला शोधावे लागणार नाही. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाकडे ती उठून पाहते.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
निवृत्त शिक्षक, मदत छावणी
शुक्रवार, १७ तारीख

सोबत: मावशीचे हमीपत्र.