मोरीत ओतलेलं यश

केडगाव,
१७ मे १९९६

ती. चांगुणाआत्यास,
महेंद्रचा सविनय जयभीम. गुडघे कसे आहेत? नेवाशात ऊन किती आहे तेही कळव. यंदा माझं सगळं नशीब उन्हानेच फिरवलं.

दोन वर्षं कॉलेजात मी नक्की करतो काय, असं तू विचारलं होतंस. मी एक लांब साखळीचा पदार्थ बनवतो. त्याचं अर्धं अंग पाण्यात रमतं, अर्धं पाण्यापासून पळतं. गूळ गरम पाण्यात लवकर विरघळतो. हे महाशय गार पाण्यात विरघळतात आणि तापले की अंग चोरून गोळा होतात. (पुढेमागे यातून शरीरात हव्या त्या जागी औषध सोडता येईल म्हणतात.)

हा बनताना हवा लागून चालत नाही, नायट्रोजन लागतो. कॉलेजचं सिलेंडर दिवाळीपासून रिकामं. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातल्या मच्छिंद्र कंपाउंडरला गाठलं. त्यांच्याकडे द्रव नायट्रोजनचं भांडं असतं (त्यात वळूचं काय गार ठेवतात, ते तू शिक्षिका होतीस, तुला ठाऊक असेल). त्याने चहाच्या थर्मासात थोडा दिला. म्हशी घेऊन रांगेत उभे असलेले तिघे माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी त्यांचा नंबर खाल्ला.

एवढं करून बाटलीत काय, तर दुधासारखं पांढरं पाणी. एप्रिलमध्येही त्याच्याच नायट्रोजनवर दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा मी ते मोरीत ओतलं होतं. मार्गदर्शक सरांनी चष्मा काढून विषय बदलायला सांगितलं. तिसरी बाटली ओतायला गेलो तेव्हा, खरं सांगतो, रडू आलं. आमचे शिपाई कारभारीमामा यांनी ती हातातून काढून घेतली. उन्हानं नासलं असेल म्हणाले, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवली.

तासाभराने पाहतो तर पाणी नितळ. बाटलीतून पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं. हातात धरली, तर तळव्याच्या उबेने पुन्हा पांढरी.

"सर, बिघडलं न्हाई हे," कारभारीमामा म्हणाले. "ह्याला ऊन सोसत न्हाई, येवढंच."

आत्या, बत्तीस अंशांच्या वर हा पदार्थ पांढरा होतो, असं संशोधनासाठी केलेल्या माझ्याच अर्जाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलंय. खोलीत एक्केचाळीस होते. म्हणजे तिन्ही वेळा मी पास झालो होतो आणि दोनदा निकाल मोरीत ओतला होता. सर आता म्हणतात, विषय मुळीच बदलू नका. बदलायचा सल्ला जणू दुसऱ्याच कुणी दिला होता.

तुझा,
महेंद्र

ता. क. बाबांनी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी नोकरी पक्की केली आहे. सोमवारी हजर व्हायचं आहे. मी जाणार नाही. तेवढं तू त्यांना समजाव. तुझ्यापुढे ते आवाज चढवत नाहीत.

पुन्हा ता. क. हे पत्र पोचेपर्यंत सोमवार उलटलेला असेल. नोकरी धरू नकोस असं तूच मला लिहिलंस, असं मी त्यांना सांगणार आहे. त्यामुळे तू हे वाचत असशील तेव्हा ते बहुधा जाब विचारायला तुझ्यासमोरच बसलेले असतील. पत्र मोठ्याने वाचत असशील, तर वर सहीपाशीच थांबायला हवं होतंस.