बंगल्यावरच्या इंजिनाची कमान

खैरुन बेटी,

तू लग्न होऊन या घरी आलीस त्याच वर्षी ठेकेदारांनी आपल्या मुलासाठी खेळण्यातलं चावीचं इंजिन आणलं होतं. आता ते जुनं झालं. चावीनं गुंडाळते ती आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, काढून सेलवर चालणारी मोटर टाक, असा त्यांचा हुकूम आहे.

मोटर मी बसवली. चांगली चालली. पण ठेकेदारांच्या बाई दिवसभर त्या इंजिनासमोर बसून असतात. कमान सुटून ते थांबलं की चावी द्यायला उठतात, आणि तेवढ्यातच त्यांची कामवाली गुणाबाई त्यांना दोन घास भरवते. थांबलंच नाही तर बाई उठणार कधी आणि जेवणार कधी?

हे मी ठेकेदारांना सांगितलं. ते म्हणाले, "नूरभाई, तू घड्याळं दुरुस्त कर, माझ्या बायकोले नको करू. ते थांबलं का ती रडते. मले ऐकवत नाई."

आपण राहतो ती खोली त्यांची आहे. आपला पोरगा नवाब ट्रकही त्यांचाच चालवतो. नाही म्हणायला जागा नाही, आणि हो म्हणवत नाही. सकाळी मी मोटर काढून जुनीच कमान परत घातली. इंजिन घेऊन बंगल्यावर जातो आहे. तू भांडी बांधून ठेव, खोली सोडावी लागेल. नवाब आला तर त्याला तिकडे पाठवू नकोस, तो भांडेल.

तू तेव्हा सिरोंच्याला माहेरी होतीस, आणि नंतर घरात आम्ही कुणी ते तुला सांगितलं नाही, म्हणून लिहितो. त्यांचा एकुलता वसंता मागच्या साली, पोरं लाकडी बैल मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, तापानं वारला.

अब्बा