आईच्या मापाचा ब्लाऊज

६ एप्रिल २०२५, रविवार
ब्रह्मपुरीच्या दुकानात आज कमालच झाली! दुकानातल्या ताईनं लाल लेहंगा माझ्या अंगाला लावला. म्हणाली, "नवरीले शोभून राह्यला." मी आईकडे बोट दाखवलं — "नवरी ही आहे. माझी आई." ताईनं लेहंगा पटकन मागे घेतला! आई तर थेट पायरी उतरून रस्त्यावर. हात धरून परत आणली.

मग ताईनंच सावरलं. गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली घेर सुटलेला एक लेहंगा काढला. याला म्हणे फिश कट म्हणतात. आई म्हणाली, "बाई, आमी मासोळ्या विकतो. नेसत नाई." सगळं दुकान हसलं. आईसुद्धा! बाबा गेल्यापासून चारचौघांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. नऊ वर्षं झाली.

शेवटी कोशाच्या रेशमाची साडी घेतली. मधाचा रंग, काठ लाल. ब्लाऊज आमची गावातली शिलाईवाली रहमतबी चाचीच शिवणार.

७ एप्रिल
आबाजींना साडी दाखवली. काठावरून बोट फिरवत म्हणाले, "बेस आहे. आता अंगाले बसन असा ब्लाऊज शिवा."

सुनेचं लग्न स्वतः जुळवणारा सासरा किती जणींना मिळतो? बाबा म्हणजे त्यांचा एकच मुलगा. तरी आबाजी हिवाळ्यात काठी टेकत टेकत सिंदेवाहीला गेले आणि खुशालकाकांना भेटून आले. काका तिथल्या धान संशोधन केंद्रात मजुरीला आहेत. बायको वारली, मूलबाळ नाही. परत आल्यावर आबाजी आईला एवढंच म्हणाले, "गोकुळा, माह्या मागं तुह्यं कोण?"

९ एप्रिल, बुधवार
चाचीकडे गेलो. आईनं सवयीनं मापाला जुना ब्लाऊज पुढे केला. चाचीनं तो उजेडात धरला. "हे माप कोणाचं? याच्यात दोन गोकुळा मावतात!" बाजूला टाकला आणि गळ्यातला टेप काढला.

आई अंग चोरून उभी. चाची म्हणाली, "सरळ राह्य. टोपली डोक्यावर घेऊन घेऊन पाठ कशी काठीवानी झाली पाह्य! लपवून काऊन राह्यली?"

मग मला समजावून सांगितलं. आईची मान आखूड, म्हणून पुढे व्ही गळा. खांदे रुंद, म्हणून बाहीला चुण्या नकोत, साधी कोपरापर्यंत. आणि प्रिन्सेस कट — खांद्यापासून कमरेपर्यंत उभी शिवण, म्हणजे अंगाबरोबर बसतो, आवळत नाही. मागच्या गळ्यावर मात्र घासाघीस! चाची म्हणे सहा बोटं, आई म्हणे दोन. चारवर मिटलं.

टेप कमरेला असतानाच आई म्हणाली, "मी सिंदेवाहीले गेल्यावर मामाजीले जेवाले कोण देईन?"

चाचीनं कमरेचं माप वहीत लिहिलं. जूनपासून मी नर्सिंगला चंद्रपूरला जाणार. घरात एकटे आबाजी, आईचे मामाजी.

१६ एप्रिल
ब्लाऊज घालून पाहिला. कुठे सुरकुती नाही. आई आरशासमोर कितीतरी वेळ उभी. "ही मीच आहो काय?"

चाची, तुझे हात असेच चालू राहोत!

१८ एप्रिल, शुक्रवार
दामिनीआत्याचा फोन. बाबांची बहीण ती. आईनं फोन स्पीकरवर ठेवला होता. "लगन कर, त्याले आमी नाई म्हटलं नाई. पण या वयात मापात शिवून नवरीवानी काऊन नटून राह्यली? लोक हासतील. माह्या भावाच्या, अमरच्या नावाले बट्टा लागन."

आईनं ब्लाऊजची घडी घातली. माझ्या हातात दिली. "ढिला करून आण."

मी रडले. आबाजी अंगणात जाळं विणत होते. ऐकलं असणार.

१९ एप्रिल
मी एकटी जायला तयार नव्हते. आईला सोबत नेलंच. चाचीनं कैची घेतली, शिवणीवर टेकवली आणि थांबली.

"उसवतो. पण आधी ऐक. मी तीस वर्षांची होती तवा हे गेले. मदीहा मांडीवर. एका भल्या माणसानं लग्नाचं विचारलं होतं मले. लोक हासतील म्हणून मी नाई म्हटलं. आता मी सत्तरीत आहो. ते हासणारे लोक सगळे मरून गेले, गोकुळा. एक बी उरला नाई."

मदीहाताई काज करता करता मान वर काढून आपल्या आईकडे बघतच राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं!

आईनं चाचीच्या हातून ब्लाऊज घेतला. उलटापालटा केला. मग म्हणाली, "हुक तेवढे पक्के लावा."

२० एप्रिल
हुक पक्के आहेत. मी ओढून पाहिले.

३० एप्रिल, बुधवार
लग्न लागलं! अंगणातच, मांडवाखाली. आई कशी दिसत होती ते मला लिहिता येत नाही. ताठ चालत आली, एवढंच. खुशालकाका तिच्याकडे बघायचे, आणि कोणी पाहिलं की पटकन खाली बघायचे.

आत्या आली होती. मी धास्तावलेली. ती आईच्या मागे गेली, पदर हातात घेतला. आता पाठ झाकणार! पण तिनं तो नीट चापून खांद्यावर पिन लावली. "शिवण चांगली आहे, वहिनी. दिसू दे." मी आत जाऊन डोळे पुसले. कोणाकोणाचे उपकार मानू!

उद्या आई जाणार. तिची पिशवी मीच भरली.

१ मे, गुरुवार
जीप दारात आली. मी आईची पिशवी आत ठेवली. खुशालकाकांनी ती उतरवली. मग सीटखालून स्वतःची लोखंडी पेटी ओढून काढली आणि आणून आमच्या पडवीत ठेवली. आईलाही काही सांगितलेलं नव्हतं. आबाजींना म्हणाले, "कामावर जायाले सिंदेवाहीची बस इथून बी जाते. तुमची हरकत नसन तर इथीच राह्यतो."

आबाजींनी काठी टेकत जाऊन आतल्या खोलीचं दार उघडलं.

"आतल्या खोलीत ठेव, पोरा. पडवी पावसात गळते."