अमावस्येचा ट्रक

१२ डिसेंबर ९७, सांगली
कॉम्प्युटर आला एकदाचा. गिरणीच्या खरेदी खात्यात, माझ्याच टेबलाशेजारी. माणसांना पंखा, त्याला एसी! आता बॉयलरच्या जळणापासून सुताच्या रंगापर्यंत कुठली गाडी आली, कुठली नाही, हे रोज संध्याकाळी फोनच्या तारेवरून पुण्याला हेड ऑफिसात जाणार. मी खूश. पांढऱ्या कोळशाचं काम पुण्याला दिसेल तरी. वर्ष झालं, बॉयलरला दगडी कोळसा बंद. उसाच्या पाचटाच्या दाबून केलेल्या कांड्या चालू. कॉलनीतल्या बायकांनी वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी नाही. साहेबांच्या गळी मीच उतरवलं हे. आणि माझ्या शब्दावर दिनकरने, शाळेपासूनचा दोस्त, फौजेतून आल्यावर फलटणला त्या कांड्यांचं मशीन टाकलं.

२९ डिसें., सोम.
दिनकरचा ट्रक आज नाही. अमावस्या. त्याचे ड्रायव्हर गाडी काढत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी दोन ट्रक येतात. पहिल्यापासून असंच. बॉयलर एकदाही अडला नाही. पण कॉम्प्युटरला कालचा ढीग दिसत नाही, आजचा न आलेला ट्रक तेवढा दिसतो. दिनकरच्या नावापुढे 'उशीर'. दोनदा लागला की नाव आपोआप बंद, असा नवा नियम आहे म्हणे. कोण करतं हे नियम?

४ जाने. ९८, रवि.
फलटणला जाऊन आलो. दिनकरच्या आवारात पाचटाच्या गाड्याच गाड्या. शेतकरी आता फड पेटवत नाहीत, इथे आणून टाकतात. मिशीला पीळ देत सगळं दाखवत होता.
मी म्हटलं, "अमावस्येचं थोतांड सोड बाबा."
"मला काय सांगतुयास? फौजेत तिथी बघून गोळ्या सुटत्यात व्हय? पर डायवर स्टेरिंगला हात लावत न्हाईत, गड्या. तुमच्या त्या डब्याला सांग की, ह्यो एक दिस सोड म्हणावं."
आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, देव्हारा कृष्णेत सोडला. त्याबरोबर तिथ्याही गेल्या. आणि मी पुण्याला कळवू, की अमावस्येची सुट्टी द्या?
परतताना वहिनींनी गुळाची ढेप दिली. नको म्हटलं तरी.

२८ जाने., बुध.
पुन्हा अमावस्या, पुन्हा ट्रक नाही. काल दोन आले होते. दुपारी पुण्याहून केतकीचा फोन. कॉम्प्युटर विभागातली मुलगी, शहाणी आहे.
"सर, यांचा महिन्यातून एकच दिवस का चुकतो? काही कारण असेल तर सांगा, मी टाकते आत."
तोंडात आलं होतं. पण पलीकडे चारजण हसतील, आणि ते सांगणारा मी, कांबळे! म्हणालो, "काही नाही. मी बघतो."
काय बघतो, कपाळ?

११ फेब्रु.
पंधरवड्याची यादी निघाली, दिनकरचं नाव बंद. उद्यापासून पुण्याच्या ठेकेदाराचा दगडी कोळसा. साहेब म्हणाले, "कांबळे, मशीन काही कुणाशी दुष्मनी करत नाही." खरं आहे. दुष्मनी करायला माणसं लागतात. दिनकरला फोन केला. "बरं," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रु.
सौ.ने सकाळी वाळत घातलेला माझा शर्ट माझ्यासमोर धरला. काजळी. मी तोच घालून ऑफिसला गेलो.

२७ फेब्रु., शुक्र.
काल अमावस्या. कोळशाचा ट्रकही आला नाही! आदल्या दिवशी दोन आले. ड्रायव्हर इथूनतिथून एकाच माळेचे मणी. मनात म्हटलं, आता घ्या. पण कॉम्प्युटरवर 'उशीर' नाही. केतकीला विचारलं.
"त्यांनी सुरुवातीलाच महिन्याचा एक दिवस 'गाडी देखभाल' म्हणून दिलाय ना, सर. तारखा त्यांच्याच. तो दिवस मशीन धरत नाही."
देखभाल. एवढंच म्हणायचं होतं. तिथी नको, देव नको, आजोबांचा मान कुठे जात नव्हता. आणि खोटंही नव्हतं, गाड्या त्या दिवशी धुतातच की. हे मला का सुचलं नाही?

१ मार्च, रवि.
साहेबांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, अमावस्येसकट. हसले नाहीत. "मार्चअखेर होऊ दे, मग बघू," म्हणाले. 'हो' नाही, 'नाही'ही नाही.
बाहेर पडून एसटीडीवरून दिनकरला फोन. तिकडे फड पुन्हा पेटायला लागलेत म्हणाला, धुरानं डोळे चुरचुरतायत. जतकडचा कुणी मशीन बघून गेलाय, बुधवारी न्यायला येतो.
"दिनकर, विकू नको. थांब थोडं."
"थांबतो की. पर कुणाच्या शब्दावर, मधू?"
मी रिसीव्हर धरून उभा. माझ्या, हे म्हणायला जीभ रेटेना. तोही फोन ठेवत नव्हता.