प्यायला न्हाई, न्यायला

१२ मार्च १९८३, शनिवार

आज परत चार आणे! कानिटकरबाईनं. दोन बोटांच्या शेंड्यात धरून वरून सोडले माझ्या हातात, जसे मंदिराच्या पेटीत टाकावेत. अन् वर म्हणते — "घ्या हो बाई, बक्षीस."

बक्षीस म्हणं! मी काय कुस्ती मारली का?

ज्वारीचं पोतं, गहू, तेलाचा डबा, गुळाची ढेप — एवढं सगळं गंजगोलाईपासून साहेब लोकांच्या कॉलनीपर्यंत ढकलत न्यायचं. दुकान सिद्धलिंग अप्पाचं, गाडा अप्पाचा, ढकलणारी मी. आमच्या घरच्या मालकांची कंबर गेली तवापासून मीच. त्याची मजुरी अप्पा देतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पण दारात सामान उतरवलं की कॉलनीतल्या बायका बटव्यात हात घालतेत अन् नाणं काढतेत. कुणी खुशीनं, कुणी लाजंनं, कुणी बला टळू दे म्हणून.

बाई नाणं सोडून राहिली होती अन् तिच्या मागं अंगणात नळ चालू! घागर भरून वरून वाहून राहिली होती. माझं ध्यान सगळं तिकडं. चार आण्यानं तहान जाते का?

लातूर जिल्हा झाला म्हणून नळ साहेबांच्या घरात आला. आमच्या गल्लीत जिल्हा आलाच न्हाई अजून.

१३ मार्च

जळकोटहून विहीणबाईंचा निरोप. एस.टी.तल्या माणसाकडं तोंडी धाडला, म्हणजे ऐकणाऱ्यानं चार जागी सांगावा.

"लातुरात पाणी न्हाई म्हणतेत. सूनबाईला तिथं नेऊन उंटावानी ठेवणार का? बाळंतपण इथंच होऊ द्या."

पहिलं बाळंतपण सासरी! माझ्या सिंधूचं! आमच्या घरात असं कधी झालं न्हाई. आईच्यानं कढत पाणी झालं न्हाई म्हणून लेक सासरी बाळंत झाली — हे मी जिती असेपर्यंत ऐकणार न्हाई. बाळंतिणीला रोज अंगभर शेकून न्हाऊ घालावं लागतं. लेकराची आंघोळ निराळी. दुपट्यांचं धुणं निराळं. पाणी तर पाहिजेच. अन् टँकर आमच्या गल्लीत येतो तवा पाणी कमी अन् झिंज्या जास्ती.

पण ठरवलं. रांजण भरीन, दोन्ही पिंपं भरीन, अन् पाडवा झाला की लेक आणीन.

मालक पडल्या पडल्या म्हणाले, "भर की. ढगाला सांगून येऊ का मी?"

बसा गप, म्हणलं.

१४ मार्च

उद्यापासून पैसे घेणार न्हाई. त्याच्या बदली पाणी मागणार. माझी तहान, माझा दर.

१५ मार्च, मंगळवार

गाढवीण हाय मी. शुद्ध गाढवीण!

कानिटकरबाईनं नाणं काढलं. मी म्हणलं, "पैसे नको बाई —" पुढचं बोलायच्या आत तिचे डोळे भरून आले. "किती स्वाभिमानी आहात हो तुम्ही!" अन् दार लावून घेतलं.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी पण. पैसे नको म्हणलं की या बायकांना लई बरं वाटतं. पुरतं ऐकायला थांबतच न्हाईत.

पैसा गेला, पाणी आलं न्हाई. मालकांना सांगितलंच न्हाई.

१७ मार्च

आज आधी पाणी म्हणलं, मग पैसे. "पाणी द्या बाई, पैसे नको."

लगेच! तांब्या आला, पेला आला. एकीनं तर गुळाचा खडा पण दिला बशीत. बस जरा सावलीला म्हणली. मी म्हणते, "तसं न्हाई बाई," तर "घ्या हो, पाण्याला कशाला लाजता!" आता कुणी पाणी पुढं केल्यावर न्हाई कसं म्हणायचं? पाप लागतं. पिलं. पुढच्या घरी परत पेला. तिथंही पिलं. कॉलनीत अप्पाची सात गिऱ्हाइकं!

पोटाची पखाल झाली. गाडा ढकलला की आतून डुबुक डुबुक. अन् या कॉलनीत बाईमाणसाला आडोसा म्हणून न्हाई. झाडं तोडली, टेकाड सपाट केलं, जिल्हा बसवला! कशी घरी आले माझं मला मालूम.

मालकांना सांगितलं. हसून हसून कंबर दुखली त्यांची. दुखू दे.

१८ मार्च

आज तोंड उघडून बोलले. कानिटकरबाईनं तांब्या आणला तर म्हणलं, "प्यायला न्हाई बाई, न्यायला."

"न्यायला?"

"हाव. घरी. ह्या डब्यात."

चेहराच बदलला तिचा. वाईट बाई न्हाई ती. पण म्हणाली, "प्यायला मी कुणालाही देईन हो. वैऱ्यालाही देईन. पण न्यायला एकीला दिलं की उद्या सगळ्या घागरी घेऊन उभ्या राहतील. सवय लागते."

सवय! पैशाची लागत न्हाई का?

१९ मार्च

पंचशीलाबाईनं सांगितलं — काल संध्याकाळी कॉलनीतल्या बायका कानिटकरबाईच्या ओट्यावर बसल्या होत्या. विषय मी! ही पंचशीला म्हणजे झेड.पी.तल्या क्लार्काची बायको. कंधारकडली. आपल्यासारखं बोलते, मला मावशी म्हणते. तिनं बोलून दाखवलं सगळ्यांचं —

"बक्षीस लग्नाकार्यात देतात हो."

"आमच्या पुण्यात टीप म्हणतात. पण ती हॉटेलात."

"चहापाणी म्हणा."

"नको बाई, त्यातही पाणी आलं!"

नाव काही ठरलं न्हाई. पण सगळ्यांनी सारखंच द्यायचं, एकीनं जास्ती देऊन दुसरीला उघडं पाडायचं न्हाई, अन् पाणी कुणीच द्यायचं न्हाई — हे पटकन ठरलं म्हणं.

"तू काय म्हणलीस?" विचारलं.

"मी नवी हाय मावशी तिथं. मान हलवली."

लिहून काढलं म्हणजे राग उतरतो म्हणतेत. उतरला न्हाई.

२० मार्च, रविवार

अप्पानं दुकानात बसवून घेतलं. कपाळाला भस्म, हातात पंखा, अन् आवाज असा मऊ की समजावं आता काहीतरी कडू येतंय.

"सरजाबाई, गिऱ्हाइकाला मागायचं न्हाई. दिलं तर घ्यायचं. न्हाई दिलं तर शरणार्थ म्हणायचं अन् निघायचं. अजून एक तक्रार आली तर गाडा दुकानातल्या भीमाकडं."

"द्या की भीमाला. तुमच्याच तेलाच्या डब्यावर बसून बिडी वढतो तो. मग येईल ती तक्रार मी सोडवायची का?"

मिशीत हसला. मग हळूच म्हणला, "लेकीचं सांगून टाक ना त्यांना. बाळंतिणीसाठी म्हणलं की कुणी न्हाई म्हणत न्हाई."

न्हाई सांगणार. लेकीचं पोट दाखवून पाणी मागायचं तर मग पायरीवर फडकंच पसरून बसते की! माझं मागणं भिकेचं न्हाई. सामान पोचवते, त्याच्यावरचं हाय. अप्पालाही बजावलं — तुमच्या तोंडून निघालं तर बघा.

२४ मार्च

सापडलं!

कानिटकरबाईकडं पाहुणे येणार म्हणून रवा-साखर सकाळीच पाहिजे होती. गेले. नळ यायची वेळ. बाईनं झाकण ठेवलेली पितळी घागर उचलली — गळ्यापर्यंत भरलेली! — अन् मोरीत उपडी केली.

वरडलेच मी. "अहो बाई!"

"काय झालं? कालचं आहे. शिळं."

उभ्या उभ्या समजलं मला. खरंच की. नळ आला, आड शेंदला, की आधी कालचं ओतायचं, भांडं घासायचं, मग ताजं भरायचं. माझी आई करायची, तिची आई करायची. दुष्काळ असो का सुकाळ, हाताला वळण पडलेलं. म्हणजे रोज सकाळी सातही घरांतून भरल्या घागरी मोरीत जाऊन राहिल्यात!

द्यायला जड जातं, टाकायला न्हाई.

२५ मार्च, शुक्रवार

अप्पाला म्हणलं, कॉलनीचं सामान आता सकाळीच नेणार. उन्हानं डालडा पातळ होतो. हे खोटं न्हाई. तेलाचे रिकामे डबे राखेनं घासून गाड्यावर ठेवले.

दारात म्हणलं, "बाई, शिळं टाकायचं असंल तर ह्या डब्यात टाका. मोरी तुंबती तुमची."

कानिटकरबाई घागर हातात धरून उभी. लई विचार केला तिनं. मग ओतलं!

"हे मी दिलेलं नाही हं. टाकलंय."

हाव म्हणलं. टाका. टाका!

३० मार्च

सगळ्या घरी टाकून राहिल्या. कुणी कुणाला बोलत न्हाई, कारण दिलंय कुठं कुणी? रांजण भरला.

परत येताना गाडा जातानापेक्षा जड. मालक उंबऱ्यावर येऊन बसतेत आता, फडक्यानं गाळून घेतेत. "कॉलनीचं पाणी हाय," म्हणतेत, "ओततानाही साहेबासारखं कमी बोलतंय." त्यांना काय, बसल्या जागी सुचतं.

२ एप्रिल

पंचशीलानं आज दारातून वरडून सांगितलं — "शिळं हाय हो मावशी, शिळं!" सगळ्या कॉलनीला ऐकू जावं म्हणून. अन् ओतताना बघितलं तर घागरीला बाहेरून नळाचे थेंब.

"पोरी, हे तर आत्ताचं हाय."

"घागर खोलीतून दारापर्यंत आणली ना? तेवढ्यात झालं शिळं."

एक पिंप भरलं.

८ एप्रिल

नळ आता चार दिसाआड. आता कोण ओततंय कालचं? कालचंच काय, परवाचं पण पुरवून पितेत.

"आता शिळंच होत नाही हो," कानिटकरबाई म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं, दिसलं मला.

डबे रिकामेच आणले. दुसरं पिंप तळाला.

९ एप्रिल

काही सुचलं न्हाई. मालक म्हणाले, "होऊ दे जळकोटला. लेक तीच, लेकरू तेच." मी जेवले न्हाई.

१० एप्रिल, रविवार

आज कॉलनीच्या तोंडाशी टँकर! साहेब लोकांकडं पण टँकर आला शेवटी. बायकांनी बादल्या आणल्या, तिथं भरल्या, अन् तिथंच उभ्या. नळाची सवय, खांद्या-कंबरेची न्हाई. कानिटकरबाई दोन पावलं गेली अन् बादली खाली. अर्धी साडीवर.

मी गाडा आडवा लावला. म्हणलं, "तुमची भांडी माझ्या गाड्यावर चढवा. घरापर्यंत आणून उतरवते. चार भरली तर चौथं माझं."

"म्हणजे... पाण्यात?"

"पाण्यातच. शेतात राबणाऱ्याला जसा मालातलाच वाटा, तसा."

बायका एकमेकीकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता परत ओटा, परत बैठक. तर कानिटकरबाईच म्हणाली —

"वाटा. हे बरं आहे. मागणं नाही, देणं नाही. ह्याला नाव तरी आहे."

अन् स्वतःची बादली आधी गाड्यावर ठेवली.

हात सुजलेत. लिहवत न्हाई. पण लिहिणारच.

१४ एप्रिल, पाडवा

दुसरं पिंप गळ्यापर्यंत! झाकणावर ताट, ताटावर दगड. मालक दोनदा झाकण उघडून बघून आले. चोर कुठले!

जळकोटच्या गाडीच्या ड्रायव्हरला निरोप दिला. तोंडपाठ करून घेतला त्याच्याकडून — "रांजण भरला, पिंपं भरली, लेक धाडा." म्हणलं, स्टँडवर उतरून मोठ्यानं सांग. चार जणांनी ऐकलं तर बरंच.

१८ एप्रिल

विहीणबाईंचं उत्तर — "बघू."

बघू म्हणं! पाणी मी बघितलं, आता ह्या काय बघणार?

त्यांचं आधीपासून असंच. लग्नात मानाच्या पंगतीला पाण्याचा तांब्या उशिरा गेला तर अजून काढतेत. "तुमच्याकडं पाण्याचा हात आखडताच" — हे मी किती सणांना ऐकलं! येऊ दे एकदा समोर. तयार ठेवलंय सगळं तोंडात.

२१ एप्रिल

निरोप आला! शनिवारच्या दुपारच्या गाडीनं सिंधू येणार. घर सारवलं. बाजेची सुंभं ताणून घेतली. अप्पानं डिंक अन् खोबरं दिलं. म्हणला, "हे बक्षीस न्हाई हां, सरजाबाई. घेताव का?" घेतलं. त्याच्याशी कशाला भांडू?

२३ एप्रिल, शनिवार

सिंधू उतरली. पाय सुजलेले, तोंड एवढंसं. तिच्यामागं विहीणबाई. काखेत एक घागर, हातात एक. दोन्ही रिकाम्या. त्यांच्यामागं म्हातारी आजेसासू, जावयाच्या हाताला धरून.

"विहीर आटली," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. "गावात टँकर येत न्हाई. पाऊस पडंपर्यंत ठेवून घ्याल का?"

तोंडात तयार होतं ते सगळं गिळलं. घरी आणलं. पिंपावरचा दगड काढला, अन् पहिला तांब्या विहीणबाईंना दिला.

सकाळी लवकर निघायचं. गाड्यावर अजून दोन घागरी मावतील.