बाबांच्या लेनवरचं तेल

२ नोव्हेंबर, रविवार

हरले! बोलिंगमध्ये बाबांचे चेंडू एकामागून एक लेनच्या डावीकडच्या नालीत. बाबांची पूर्णेची टीम जिंतूरच्या मास्तरांच्या टीमकडून कधी नव्हे ती हरली. बाबा हसत होते, पण बूट काढताना उजवा हात इतका थरथरायला लागला की नाडी सुटेना. मी खाली बसून सोडली. गाडीवर मागे बसल्यावर म्हणाले, "चेंडूला लय घाई झालीय. मधूनच वळायलाय."

घाई चेंडूला नाही. हातातला जोर गेलाय. कंप वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बोलिंगच्या लेनवर मी तेल लावते, असं परभणीत कुणाला सांगितलं की विचारतात — भजी तळता का? हसा! सगळा खेळ तेलाचाच आहे. तेल आहे तोवर चेंडू सरळ घसरतो, तेल संपलं की वळतो. उजव्या हाताचा चेंडू लेनच्या उजवीकडून जातो, म्हणून आज तेलाच्या मशीनमध्ये उजवीकडचा तेलाचा पट्टा जरा लांबवला, जरा जाड केला. आता बाबांचा सावकाश चेंडू इतक्या लवकर वळणार नाही.

हे बरोबर नाही. लीगमध्ये तेल सगळ्यांना सारखं, हा नियम मीच सगळ्यांना ऐकवते. पण केलं.

मशीनच्या डावीकडच्या नळ्या चोंदल्यात, तिकडे तेल पडतच नाही. राहू देत, लीगमध्ये एकही डावखुरा नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

जिंकले! बाबा प्रत्येकाला टाळी देत फिरत होते, माझ्याकडे तर दोनदा आले. किती दिवसांनी असे दिसले!

सेलूच्या टीमचे किशनराव सर मात्र मशीनपाशी आले. "माधवीताई, तेल लय झालंय का? चेंडू वळंनाच गेलाय."

"थंडी पडलीय ना सर," म्हटलं. बिचारे हो म्हणून गेले. मलाच कसंतरी झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाबा हल्ली सकाळी माझ्यासोबतच येतात. मी मागे पिना उभ्या करायचं मशीन पुसते, ते पुढे "बसतो जरा" म्हणतात. आज चहा डाव्या हाताने ढवळत होते, उजवा खिशात. माझ्यापासून लपवतात, वेडे! डाव्या अंगठ्याला पट्टी. "भाजी चिरताना लागलं." आई गेल्यापासून भाजी तेच चिरतात. उद्यापासून मीच चिरणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पूर्णेचा कॅप्टन ओमप्रकाश आला. बुटांच्या खणांकडे बघतच बोलला.

"ताई, रविवारी फायनल हाय. धम्मानंदकाकांना बाहेर बसवावं म्हणायलेत सगळे. तुमी सांगा ना त्यांना."

मी का सांगू बाबांना? रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्या माणसाला आठवड्यात एक रविवारच तर आहे. शनिवारीच बूट पुसून दाराशी ठेवतात.

"मागच्या रविवारी चांगले खेळले की," म्हटलं.

"खेळले. पण ताई, त्यांना पाण्याचा गिलास धरवंना."

तो गेल्यावर रडले. चिडले पण — त्याच्यावर नाही. उद्या तेल अजून वाढवते, होऊ दे काय व्हायचं ते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी लेनवर मशीन लावलं, तर बाबा मागे येऊन उभे.

"उजवीकडं लय मेहनत केलीस बाई. मला कळत होतं." मी मशीन थांबवलं. "ते पुसून टाक. नेमाचं तेल टाक."

मग जरा लाजून — बाबा, लाजून! — म्हणाले, "पण डावीकडं तेलच न्हाई का गं? महिना झाला, तिकडून टाकलेला चेंडू लय वळायलाय."

मी त्यांच्या डाव्या अंगठ्यावरची पट्टी बघितली. भाजी नव्हेच, चेंडूच्या भोकात घासलेला अंगठा!

दुपारभर बसून डावीकडच्या नळ्या साफ केल्या. तेल सगळ्यांना सारखं!