सौनात ठेवलेली फिल्म

३ नोव्हेंबर
गावाच्या वारसा मंडळाने मला डिजिटायझेशन प्रमुख नेमलं. दुसरा उमेदवार नव्हता, पण तो मुद्दा गौण. संकल्प: नाताळपर्यंत गावातलं सगळं जुनं स्कॅन.

९ नोव्हेंबर
हेल्वी आजीने तळघरातून फिल्मचा डबा काढून दिला. युद्धाआधीच्या उन्हाळ्यातली, युद्धानंतर सीमेपलीकडे राहिलेल्या त्यांच्या गावच्या डेअरीची. तीत तिची आई दुधाचे कॅन उचलते आणि वळून हसते, असं तिचे वडील सांगायचे. त्याच वर्षी हिवाळ्यात, युद्ध पेटल्यावर गाव सोडून पळताना आई गेली. हेल्वी तेव्हा अंगावर पिणारी. आईचा फोटो एकही नाही. डबा हातातून सोडेना. म्हणाली, "मास्तर, माझं आता काही खरं नाही. एकदा दाखवा हो." म्हटलं, नाताळला मोठ्या पडद्यावर!

१० नोव्हेंबर
डबा ओलसर. झाकण उघडून सौनात, म्हणजे अंगणातल्या आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, वरच्या बाकावर ठेवला. आमच्याकडे बिअरचं माल्ट, लिननच्या धाग्याचं जवस, डुकराचं हॅम सगळं सौनातच वाळलं. मी जन्मलोसुद्धा तिथेच.

१४ नोव्हेंबर
म्युझियमच्या बाईंना सहज फोन केला. घाबरल्याच. "ऊब लागू देऊ नका, या जुन्या फिल्म आपोआप पेटतात. थंडीत ठेवा, उद्याच गाडी पाठवते." कळवतो म्हटलं. कळवणार नाही. एकदा डबा तिकडे गेला की पाटीवर नाव त्यांचं.

आज वेबसाइटसाठी अक्षरं निवडली. निळी.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बायको, राउनी, कटकट करते. टॉवेलांना उग्र वास येतो म्हणे. "हे काहीतरी मेल्यासारखं आहे. काढ इथून." सौना तापवायची म्हणून डबा कपडे बदलायच्या खोलीत हलवला, धुराड्यामागच्या फळीवर. कडेला मधासारखं काहीतरी सुटलंय. म्हणजे ओल बाहेर पडतेय. योग्य मार्गावर आहे.

२६ नोव्हेंबर
वास आता अंगणापर्यंत. कुत्रा सौनाकडे फिरकत नाही. म्हातारा झाला.

रीळ उलगडून बघायचं राहिलंय. आधी स्वागताचं भाषण.

२९ नोव्हेंबर, शनिवार
हेल्वी आजीचा फोन. "झालं का?" म्हटलं, जवळजवळ. राउनीने विचारलं, डबा काढलास ना? हो म्हटलं. नंतर काढेन, आधी सौना.

३० नोव्हेंबर
काल रात्रीपासून सौना उरलेली नाही. आधी फुसफुस, मग पिवळा धूर, मग भिंतच पेटली. आम्ही दोघं मागच्या खिडकीतून बर्फात, अंगावर चिंधी नाही. बंबावरची पोरं सगळी माझे विद्यार्थी. राउनी खोकतेय, पण ठीक आहे. माझ्याशी बोलत नाही. वायरिंग तपासायला हवं होतं.

४ डिसेंबर
हेल्वी आजी आली. रडली नाही. खुर्चीत टेकून एवढंच विचारलं, "निदान तुम्ही पाहिलंत ना, मास्तर? कशी हसायची?"

पाहिलं म्हटलं. छान उंच बाई, कॅन खाली ठेवून वळते, हसते.

ती खुर्चीचा हात धरून उठली. मग म्हणाली, "आई बुटकी होती, वडील सांगायचे. गाडीवर कॅन चढवायला पायाखाली खोकं घ्यायची."

राउनी कॉफी ओतत होती, ती थांबली. आजीने कोट चढवला. कॉफी न घेताच गेली.